चार थाऊ

— बंद होत नाही म्हणजे काय? रायफलचा बोल्ट बंद होत नाही, की अनयाला तो बंद करता येत नाही? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, परीक्षितराव — नाही, तिथं टेकू नकोस, तो काटा आहे, वजनकाटा, तुझ्या श्वासानंसुद्धा हलतो तो — त्या लाल स्टुलावर बस. हं. आता नीट सांग. अनयानं काडतुसाची केस चेंबरमध्ये घातली, बोल्टचा दांडा खाली ओढला आणि तो अडला. बरोबर? कुठं अडला? वरच, की अगदी खाली आल्यावर? माहीत नाही. अर्थात माहीत नाही. तू शेजारीच उभा होतास ना? फोनमध्ये बघत असशील. ती तिकडं बोल्टशी झगडतेय आणि हा कानांवर मफ चढवून रील्स बघतोय. आणि आता माझ्या गराजमध्ये आलाय मी पाठवलेलं खोकं घेऊन — 'काका, या फिट होत नाहीयेत, अनयानं परत द्यायला सांगितल्यात.' परत द्यायला! दुकान आहे का हे? पावती आणलीस? टॅग काढला नाहीस ना?

बरं, तू काय परत आणलंयस ते तरी कळतंय का तुला? मागच्या सीटवर टाकून आणलंस ना खोकं, केराच्या पिशवीसारखं? एक जरी केस खाली पडली तरी तोंड चेपतं तिचं. शिकलास काय तू — मेकॅनिकल ना? नागपूरला. असू दे, त्यात नागपूरचा दोष नाही. आणि करतोस काय? क्लाउड. वा! चार वर्षं मेकॅनिकलला काढायची, लेथसमोर उभं राहून एक फोटो काढायचा, आणि मग अमेरिकेत येऊन ढगात काम करायचं. हात दाखव. दाखव रे, मागत नाहीये मी तो. बघ — वरणभात आहे हा हात. तुझ्या वयाचा असताना मी भोसरीत टूल रूमला होतो, नखांतलं काळं लग्नातसुद्धा निघालं नव्हतं, तुझी काकू अजून सांगते सगळ्यांना. थाऊ म्हणजे काय माहितीये? इंचाचा हजारावा भाग. आमच्या शॉपमध्ये पोरंसोरं थाऊत बोलायची — दोन थाऊ घे, अर्धा थाऊ सोड. तुमचं बरं आहे, चुकलं की बटण दाबायचं आणि कालच्या व्हर्जनला जायचं. पितळ एकदा चिरलं की चिरलं.

धर ही. चावत नाही. रिकामी आहे, दारू नाही, गोळी नाही, नुसती केस. हे बूड, हे अंग, हा खांदा, ही मान. दुकानात मिळते तिचा खांदा असा नसतो, उतरता असतो, सरबताच्या बाटलीसारखा. हा बघ कसा ताठ आहे. हे काडतूस दुकानात मिळत नाही — इथंच नाही, कुठंच नाही. वाइल्डकॅट म्हणतात त्याला. मी काढलंय. ड्रॉइंग माझं, चेंबर कापायचा रीमर माझ्या ड्रॉइंगवरून करून घेतलेला, दोन रायफली त्या एकाच रीमरनं कापल्या, एक माझी, एक माझ्या लेकीची, आणि दोन्ही बॅरलवर नाव कोरलंय — 'सिक्स अनया', गोळी सहा मिलिमीटरची म्हणून सिक्स. रेंजवरचे लोक विचारतात, अनया काय आहे, इंडियन मेजरमेंट आहे का? मी हो म्हणतो. कोण समजावत बसणार. तर दुकानातली केस घ्यायची, थोडी कमी दारू भरायची, आमच्या चेंबरमध्ये घालायची आणि उडवायची. आतून आग ढकलते, पितळ फुगतं, चेंबरच्या भिंतीला जाऊन बसतं आणि बाहेर येते ती ही. फायर फॉर्मिंग. आलं लक्षात? उगाच मान हलवू नकोस, कुणाला कळलंय आणि कुणाला नाही ते मला मानेवरून कळतं.

आणि या खोक्यातली एकूण एक मी उडवलीय. उन्हाळाभर, दर शनिवारी. नॉर्थ कॅरोलिनातला जुलै, शर्ट पिळावा लागायचा. समोर कागद नाही, टार्गेट नाही — मातीच्या बांधात. कारण गोळी कुठं लागते याच्याशी घेणंच नाही, आपल्याला मागं उरते ती केस हवी. हे त्या रेंजवरच्या शहाण्यांना कळेल तर शपथ. आपल्या मंडळातला तो राजीव — ओळखतोस ना, शेजारच्या कॉलनीत चोरांनी एक गराज फोडलं म्हणून हा एका रात्रीत शूरवीर झाला, पिवळा चष्मा, कमरेला तीन पट्टे, दुकानातून आणलेली काडतुसं — तो माझ्या मागं येऊन म्हणतो, 'काका, टार्गेट लावायला विसरलात.' म्हटलं, राजीव, तू लावून तरी कुठं लागतंय? आणि गणपतीत त्या बायका. 'तुम्ही गोळ्या मारता म्हणे? कुणाला?' म्हटलं, कागदाला, वहिनी, कागद फार माजलेत हल्ली. अडाणी सगळे. एमएस, पीएचडी, पण अडाणी. तर सांगत काय होतो — हां, उन्हाळाभर. त्यात माझी बॅरल गेली. माझी, तिची नव्हे. या काडतुसाची आग फार, बॅरल आतून जळते, बारका कॅमेरा घालून बघितलं की तडे दिसतात. आता ती दोन गोळ्या जवळजवळ टाकत नाही. बाद झाली. असू दे, मला कुठं स्पर्धेला जायचंय. आणि हे घरी जाऊन सांगायचं नाही, कळलं? बॅरलचं. सहज बोललो मी.

किती अडल्या म्हणालास? सगळ्या? अर्थात सगळ्या. अरे माझं काम आहे ते. एक अडली आणि एक गेली, असं व्हायला मी काय राजीव आहे? डोळे मिट आणि काढ यातली कुठलीही. काढ. दे इकडं. हा कॅलिपर — आकडा वाच. आता दुसरी काढ, पार तळातून. वाच. तिसरी. तोच आकडा ना? अर्ध्या थाऊचा फरक सापडला तर मिशी उतरवीन. याला म्हणतात हात. तुमच्या त्या मोठ्या ब्रँडच्या खोक्यात असं मिळणार नाही, वाटेल ते मोजलेत तरी.

काय? मग चुकल्या कशा? चुकल्या म्हणून कोण म्हणालं तुला! चूक अशी असते का? चूक झाली की एक लांब, एक आखूड, एक वाकडी — चूक मागंपुढं होते. या सगळ्या नेमक्या चार थाऊ लांब आहेत, कारण तिची चेंबर माझ्यापेक्षा चार थाऊ आखूड आहे, मीच कापून घेतलीय तशी, उभा राहून, म्हणजे तिच्या केसेसना जास्त —

काय बघतोस?

अरे, माहीत होतं म्हणजे तेव्हा माहीत होतं. माणूस विसरतो. माझ्या रायफलमध्ये उडवल्या, माझ्या मापाला आल्या, झालं, त्यात काय एवढं? तिची रायफल काय माझ्याकडं आहे? डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून खांदा चार थाऊ मागं घ्यायचा, संपला विषय, संध्याकाळपर्यंत होतं. हो, होतं. मग आधीच का नाही केलं — तू फार प्रश्न विचारतोस रे, क्लाउडवाल्याला बरेच प्रश्न पडतात. आधी का नाही केलं, तर अंदाजानं करता येत नाही म्हणून. कमी दाबला तर बोल्ट अडतो. जास्त दाबला तर केस आत सैल बसते, ताणते, आणि दोन-चार वेळा उडवली की बुडाशी चिरते. आणि चिरली तर ती आग मागं येते, तोंडावर. तिच्या तोंडावर. माझ्या डोक्यातल्या जुन्या आकड्यावर मी तिच्या डोळ्यांशी खेळू? रायफल इथं पाहिजे. या बाकावर. आणि तिनं आणायला पाहिजे, तू नव्हे — तुझ्या हातात ती देणारही नाही आणि देऊही नये.

कारण दोन माणसांचं काम आहे ते. एकानं इथं प्रेसवर बसायचं, डाय अगदी उगीच, नखाएवढा फिरवायचा, केस दाबायची आणि द्यायची. दुसऱ्यानं तिथं, तू बसलायस तिथं, बोल्ट हातात घेऊन बसायचं. घालायची केस, दांडा सोडायचा, आणि सांगायचं. ती डोळे मिटून सांगायची. 'अजून थोडं, बाबा.' परत फिरवायचा. 'अजून एवढुस्सं.' मग एकदा तो दांडा आपल्या वजनानं खाली पडतो, कुणी न ढकलता — आवाजसुद्धा नाही येत, नुसता पडतो — आणि ती म्हणायची, 'देअर.' बस. बाकी बोलणं नाही. तासन्‌तास. तुझी काकू वरून ओरडायची, अरे जेवायला या, काय करताय खाली दोघं. काय करत होतो? काही नाही. पितळ दाबत होतो. आता काकू दर गुरुवारी तुमच्या अपार्टमेंटला जाते डबे घेऊन, मला माहीत नाही असं तिला वाटतं. फोनवर बोलताना स्वयंपाकघरातला नळ सोडते. पाण्याचं बिल मी भरतो म्हटलं, कळतं मला.

येणार नाही? असं ती म्हणाली, की तुला वाटतंय? नीट सांग. म्हणाली. हं. काय शब्द होते तिचे? — नको, राहू दे, तू भाषांतर करशील. दोन वर्षं झाली, अजून तेच धरून बसलीय. तुला तिनं सांगितलं असेल मीठमसाला लावून. मी काय केलं रे असं? स्पर्धा होती, शेवटची गोळी होती, पहिली येत होती ती, पहिली! वाऱ्याचा झेंडा डावीकडून उजवीकडं फिरला, आंधळ्याला दिसला असता, हिनं नाही बघितला, गेली गोळी दहाच्या ऐवजी सातमध्ये. आता मी शिकवलेली मुलगी, वाऱ्याचं बघत नाही. बोललो मी. बाहेर, गाड्या लावतात तिथं. 'ही बॅरल तुझ्यावर फुकट गेली.' एवढंच. बॅरलबद्दल बोललो मी, तिच्याबद्दल नाही. टेक्निकल बोलणं आहे ते. बॅरलचं आयुष्य मोजकं असतं, या काडतुसात तर फारच, ते कशावर खर्ची पडलं याला काही अर्थ आहे की नाही? सगळ्यांसमोर — तर काय झालं, रेंजवर सगळे एकमेकांना बोलतात. इंग्रजीत का बोललो? हे तिनं सांगितलं तुला? हे विचारायला सांगितलं तिनं? मी तिच्याशी कधीच इंग्रजीत बोलत नाही, बरोबर आहे. जन्मल्यापासून नाही. त्या दिवशी बोललो. तिथं सगळे गोरे उभे होते, ते तिचे टीमवाले, त्यांनाही — हं. तर त्यांनाही कळावं म्हणून. झालं समाधान? ती म्हणाली, 'ओके, बाबा.' आणि गाडीत बसून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. माझी मुलगी आणि ओके म्हणते. हल्लीच्या मुलांना तेवढंच येतं, ओके.

बाहेर गाडीत बसलीय का ती? नाही ना? तसं नाही, उगाच थंडीत. विचारलं आपलं.

तर तिला सांग, स्पर्धा एप्रिलमध्ये आहे, जुन्या केसेस संपत आल्यात तिच्या, माना चिरल्या असणार एव्हाना. तिला नवीन हव्यात. आणि त्या कुठल्याही दुकानात मिळत नाहीत. तेव्हा रायफल घ्यायची, यायचं, इथं बसायचं, बोल्ट धरायचा. मी काही बोलणार नाही. म्हणजे टेक्निकल सोडून काही नाही. नाहीतर मग घाल म्हणावं दुकानातली बॅरल, दुकानातलं काडतूस, राजीवच्या शेजारी उभी राहा आणि — हे काय काढतोयस? डबा? काकूचा आहे तो, दिवाळीच्या चकल्यांचा. वर दे की स्वयंपाकघरात. मला? मला द्यायला सांगितलाय? रिकामा डबा परत करत नाहीत एवढं तरी आईनं शिकवलंय वाटतं. काय आहे, साखर? वाजतंय काहीतरी आत.

केस आहे.

एकच? एकच. टिश्यूत गुंडाळून. दिवा जरा इकडं कर — खेच, लांब होतो तो. हं. उडवलेली आहे. आमचीच. सिक्स अनया. पण हे पितळ माझं नाही, बुडावरचा शिक्का बघ, मी या कंपनीचं घेत नाही, बाजारू आहे. म्हणजे हिनं स्वतः आणलं. स्वतः केलीय. तिच्या चेंबरमध्ये. काजळी फक्त मानेच्या टोकाला, अंगावर डाग नाही — दारूचं माप बरोबर घेतलंय. खांद्याची धार बघ, कशी स्वच्छ उठलीय. आणि ठिणगी देणारी टोपी काढून टाकलीय बुडातली, बघ, इथली — ती थोडी वर आलेली असते कधीकधी, माप घेताना मध्ये येते, म्हणून आधी काढायची असते. हे यूट्यूबवर कुणी सांगत नाही. कुणी सांगत नाही हे. थांब, बोलू नकोस. मापतो.

चार. बरोब्बर चार थाऊ आखूड.

हं.

तर हे असं आहे, परीक्षितराव. आता रायफल लागत नाही. कुणी यायला लागत नाही. ही केस समोर ठेवायची, हिच्या मापाला डाय लावायचा आणि सगळ्या दाबायच्या. एका माणसाचं काम. मीच तिला सांगितलेलं — ज्याची रायफल दूर असेल त्याच्याकडून उडवलेली एक केस मागवायची, बस, माणसाला बोलावण्याची गरज नसते. ती होती किती तेव्हा, तेरा-चौदाची. लक्षात ठेवलं. आणि वारा नाही बघत.

तू हसलास? नाही ना? नको हसू.

पण मग मला कळत नाही, तिला स्वतः करता येतात. एवढी चांगली करता येते, तर दुसऱ्याही येतील. माझ्या या खोक्याची तिला गरज काय? टाकून द्यायचं होतं खोकं. भंगारात पितळाला भाव आहे. परत कशाला पाठवायचं, आणि वर ही कशाला पाठवायची? तुला काही म्हणाली? आठव जरा, फोनमधून डोकं काढून आठव. डबा देताना काय म्हणाली? 'बाबांना दे.' एवढंच? हसून, की कसं? बघितलं नाहीस. तुझ्याशी लग्न करणार आहे ती, आणि तुला तिचं तोंड बघता येत नाही. मला विचार, मी सांगितलं असतं. वीस फुटांवरून सांगितलं असतं.

ठेव. खोकं राहू दे इथं, हात नको लावूस. गुरुवारी काकूबरोबर पाठवतो — नाही, तू ये. तूच ये न्यायला. मागच्या सीटवर टाकायचं नाही, मांडीवर घ्यायचं. आणि तिला सांग, बाबा विसरले होते ते चार थाऊचं. वय झालं म्हणावं. असं होतं म्हणावं, सरावाच्या हातालासुद्धा कधी —

नको. काही सांगू नकोस. मापता येतं तिला, सगळ्या सारख्याच लांब आहेत ते दिसलंच असेल.

जा आता. जा म्हटलं ना. गराजचं बटण भिंतीला आहे, बाहेर पडलास की दाबून दे.